बासष्ट मायक्रॉन

गावाचं नाव 'नवं गाव', वय चारशे वर्षं.
उसिकाउपुंकीच्या धक्क्यामागे माझी शेड:
दोन दिवे, एक हीटर, संपत आलेला ऑक्टोबर.
मिठाचा ट्रक अजून डेपोतच आहे,
पण ऊर्होने काल त्याचे टायर बदलले म्हणे.
म्हणजे फार तर आठवडा.

आर्मास लेहतिरान्ता सकाळी सातला आला
लाल साब घेऊन. टोपी काढली नाही.
"हिल्लेवी, कारखान्यातून निघाली होती
तशी करून दे."

सगळे असंच म्हणतात.

धुतली. एका बादलीत फेस,
दुसरीत खरं काय ते.
लोखंड काढायचा फवारा मारला तशी
चाकांवरून जांभळे ओघळ उतरले,
ब्रेकची कितीतरी वर्षांची किरकिर.
मग चिकणमातीची वडी, लिंबाएवढी.
छतावर फिरवताना आधी खरखर,
मग कमी,
मग काहीच नाही.
ते 'काहीच नाही' ऐकायलाच मी हा धंदा धरला.

डाव्या दारावर पॉलिशचा एक ठिपका,
मऊ कापडाचे चार वेढे,
आणि कापड लाल.
जुना रंग हा. याच्यावर पारदर्शक थर नाही.
इथे चकाकी हवी तर रंगातूनच पैसे मोजायचे.
दर शरदात गाडी थोडी थोडी फडक्यावर उतरते
आणि लोक म्हणतात, काय दिसतेय!

मीटर टेकवला.
बॉनेट एकशे चार. छत एकशे दहा.
उजवं दार अठ्ठ्याण्णव.
डावं दार, मुठीच्या खाली, बासष्ट.
पुन्हा टेकवला.
मीटर कुणाची भीड धरत नाही.
बासष्टातले पन्नास तर अस्तराचेच,
वर लाल उरलाय तो कांद्याचा पापुद्रा.

"इथे मशीन लावणार नाही," मी म्हटलं,
"अजून एक हात, की खालचा राखाडी वर येईल."
वाटलं, आता भांडेल.
आर्मासने टोपी काढली.
"तिथे कमीच मारलाय," म्हणाला.
"मीच मारलाय."

मग हीटरकडे पाठ करून, उभ्या उभ्या:
सत्त्याऐंशीचा जून, सुट्टीआधीची शेवटची पाळी.
बंदरावर नाच, आणि एल्मा नावाची कोणी
दहाच्या बोटीने बेटावर परत जाणार.
हातात रंगाची बंदूक, डोळे घड्याळावर,
डाव्या दारावर एक फेरी कमी पडली.
तपासनिसाने पाहिलं नाही.
ओला रंग कुणाचाही ऐब झाकतो.

"बोट गाठलीत?"
"गाठली. ती नव्हती."

महिनाभर झोप नाही. गाडीचा नंबर पाठ.
शेवटी कामगारांच्या सवलतीत स्वतःच घेतली.
"माझी घाई दुसऱ्याच्या गळ्यात
कशाला मारू?"

"मग ती तशीच आहे," मी म्हटलं,
"कारखान्यातून निघाली होती तशी."
तो यावर काही बोलला नाही.
बाहेर एक समुद्रपक्षी पत्र्यावर चालत होता.

पॉलिशची बाटली फळीवर परत ठेवली.
स्पिरिटने पुसून घेतली, सीलंट लावलं,
इतकं पातळ की लावलंय का अशी शंका यावी.
रात्रभर हीटर चालू. विजेचं बिल माझं.

सकाळी मेणाचा डबा उघडला.
उजवी बाजू मी केली, डावी त्याने मागून घेतली.
फडकं नको म्हणाला. तळहातावर मेण कोमट केलं
आणि मनगट सुटलं त्याचं,
प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत,
खांद्यापासून, एका लयीत,
सत्तरी ओलांडलेला माणूस,
भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदाही न बघता.

मेण धुकटलं, पुसलं. दारावर पाणी मारलं:
ओरखडे होते तिथेच,
थेंब मात्र टपोरे, अंग चोरून उभे.
बासष्टवर आणि अठ्ठ्याण्णववर सारखेच.

झालं म्हणून मी हात पुसले.
त्याने मुठीखाली, तेवढ्याच जागी,
अजून एक फेरी फिरवली.

मी हीटर बंद करायला वळले होते.
पाहिलं नाही.