वगळलेल्या

वीस अंशांची खोली, खिडकी नसलेली.
बशीत जेली, जेलीवर जिवाणूंची साय,
सायीवर माझे कृमी, स्वल्पविरामाएवढे.
काचेसारखे आरपार. गिळलेलं दिसतं,
ओळीने लागलेली अंडी दिसतात.

प्लॅटिनमच्या तारेने नाकाशी टोचायचं.
हलला तर जिवंत. नाही हलला, फुली.
झोम्बोर याला संशोधन म्हणतो,
मी चौदा वर्षं हजेरी म्हणते.

ज्यांच्या बीजपेशी लेझरने जाळल्या, लहानपणीच,
ते तिसाव्या दिवशीही हलतायत.
बाकीच्यांचं विसाव्यालाच आटोपलं.
"सौदा आहे," झोम्बोर म्हणतो, "पिल्लं किंवा दिवस."
सौद्याला दोघं लागतात, पोरा.
इथे विचारलं कुणी कुणाला?

सोमवारी एक बशी उपाशी निघाली.
खायला नसलं की आई अंडी घालत नाही,
ती आतच फुटतात, आतच जेवतात.
उरते कातडीची पिशवी, आणि पिशवीत वळवळ.
अशांना फुली नाही. गोल.
गोल म्हणजे वगळा:
हे म्हातारपणाचं मरण नव्हे, आलेख बिघडतो.

आमचं घराणं दीर्घायुषी,
मिंडसेंटला कुणालाही विचारा.
एतेल्का मावशी, मूलबाळ नाही, सत्त्याण्णव.
आई, पाच लेकरांची, एक्क्याण्णव,
शेवटच्या शरदातही पापरिकाच्या माळा स्वतः ओवल्या.
(बसव तुझा सौदा यात.)
पिरोश्का आजीला या गणतीत कुणी धरत नाही.
एकतीस. आठवं बाळंतपण.
ते आठवं म्हणजे माझी आई.

संध्याकाळी तिसा फुलली.
सेगेडचं अर्धं गाव काठावर, मुलं खांद्यांवर,
पाण्यावर पिवळ्या पंखांचा नुसता गोंधळ.
त्यांना खाण्यापुरतं तोंडही नसतं;
जुळायचं, अंडी सोडायची, वाहून जायचं.
"बिचारे, एकच दिवसाचं आयुष्य,"
शेजारची बाई म्हणाली, आइस्क्रीम चाटत.
खालच्या चिकणमातीत काढलेली तीन वर्षं
तिने कुठल्या खात्यात टाकली कोण जाणे.
एक माझ्या बाहीवर बसला. झटकला नाही.
तसाच घरी आला, मेलेला.

बुधवारी सोमवारची यादी काढली.
प्रत्येक गोलात बारीक आकडा लिहिला:
पाच. सहा. पाच. सहा.
"हे काय?" झोम्बोर.
वय, म्हटलं.
तार तापव. अकरा बशा बाकी आहेत.