वारा फिरेपर्यंत

पाकिटावर बारीक अक्षरांत सगळं लिहिलंय.
चष्मा शोधून, मागच्या पायरीवर बसून मी वाचते:
दहा लिटर पाण्याला दहा ग्रॅम.
ऊन उतरल्यावर फवारावे.
पानांची खालची बाजू विसरू नये.
आणि सगळ्यात शेवटी, जणू ओशाळून:
तुतीच्या झाडाजवळ वापरू नये.

बियाण्यांच्या दुकानातला हानावांचा मुलगा म्हणाला,
"आजी, हे विष नाही, जिवाणू आहे. मातीतलाच.
तुम्हाला काही होणार नाही, मधमाशांना नाही.
अळीच्या पोटात गेला की फक्त तिची भूक जाते.
मग दोन-तीन दिवसांत तीही."
मी म्हटलं, "ठाऊक आहे."
तो हसला. म्हातारी माणसं म्हणतातच असं.

आमच्या माळ्यावर एकेकाळी चाळीस हजार जणी जेवत.
रेशमाच्या अळीला आमच्या घरी एकेरीत कुणी बोलत नसे.
"जेवल्या का?" "निजल्या का?"
त्यांच्यासाठी वर शेगडी,
आम्ही पाच भावंडं खाली एका रजईत.
पहाटे तीनला आई पानं चिरायला उठायची
आणि घरभर तो आवाज:
कुणीतरी कोरा कागद हळूहळू फाडतंय,
फाडतच राहिलंय.

मी नऊ वर्षांची असताना एका पहाटे
जाग आली ती शांततेनं.
तट्ट्यांवर त्या पसरलेल्या, मऊ, ओल्या दोऱ्यासारख्या.
तोंडापाशी पान तसंच, अर्धं कुरतडलेलं.
वडिलांनी एक उचलून तळहातावर घेतली
आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "मेली."

तट्टे जाळले. भिंतींना चुना फासला.
त्या शरदात थोरली तोमी गिरणीत गेली
ती सणालाच दिसायची, बोटांची सालं निघालेली.
गावात त्या रोगाला नुसतं "कोलमडणं" म्हणत.

पाकिटावर त्याचं लांबलचक परदेशी नाव आहे,
गाव सोडून मोठा झालेला माणूस घेतो तसं.
मी त्याला ओळखलं. त्यानं मला ओळखायचं कारण नाही.

कोबीवरच्या हिरवीला मी सरळ "अगं ए" म्हणते.
अगं ए, वरची पानं खा, गड्डा तरी ठेव.
ऐकत नाही.
म्हणून पाठीवर पंप, साबणाचा एक थेंब,
आणि कुंपणाशी उरलेली ती एकच तुती.
वारा नेमका तिच्याकडे.

माळ्यावर आता नवऱ्याचे मासेमारीचे गळ,
बिघडलेला पंखा. चाळीस वर्षांत एक अळी नाही.
तरी मी उभी, नळी हातात,
खांदे भरून आले, डास चावले,
डोंगराकडून वारा फिरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची नात्सुहो,
तिसरीतली, बुटांचं खोकं छातीशी धरून.
शाळेनं दिलेल्या सात अळ्या.
सहा जणींना नावं ठेवून झालीत.
"आजी, तुमच्या झाडाची पानं घेऊ?"

वारा फिरला होता. मी थांबले होते.
पानं स्वच्छच असणार.
"नको," म्हटलं, "ती कडू आहेत."

कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. पायजमा बदलला.
मग देवळामागच्या चढावरच्या तुतीपर्यंत
ती पुढे उड्या मारत, मी गुडघ्यांना शिव्या देत.
सात जणींच्या खाण्याचा आवाज होत नाही.
मी कान लावून पाहिलं. तिनंही लावला.
"काय ऐकायचंय?"
"काही नाही. त्यांना विचार, जेवल्या का."
ती खूप वेळ हसत होती.

तिसऱ्या दिवशी कोबीवर त्या लोंबत होत्या,
काळपट, मऊ.
एक मी तळहातावर घेतली.
तोंडाशी शब्द आला होता.
मग तिला मातीत ठेवलं, हात धुतले,
आणि गड्डा कापला.
आतून चांगला निघाला.
अर्धा नात्सुहोच्या आईला दिला.