गेलो, गेले

पेपरबुकाचं पान एकसष्ट.
साक्षीदार क्रमांक एक. नाव झाकलेलं,
काळ्या पट्टीवर फक्त एक वेलांटी उरलेली.
राहणार हुपरी. धंदा: चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणे.
सोमवारपर्यंत मला हिचं इंग्रजी करायचंय,
पानाला ठरलेल्या दराने.

आरोप दोन. एक दिवाळीच्या आधीचा, मालकाच्या भट्टीच्या खोलीतला,
दुसरा संक्रांतीनंतरचा, त्याच खोलीतला.
एकच बाई, एकच पिंजरा, एकाच दिवसाची साक्ष.
पहिल्यात शिक्षा. दुसऱ्यात निर्दोष.
म्हणून अपिलंही दोन:
तो म्हणतो, दुसऱ्यात खोटी तर पहिल्यात खरी कशी?
सरकार म्हणतं, पहिल्यात खरी तर दुसऱ्यात खोटी कशी?
दोन्ही एकाच सुतळीत बांधून
दावणेमामांनी टेबलावर आणून ठेवलीत.

निकालपत्र, परिच्छेद एकतीस: साक्ष नैसर्गिक वाटते.
परिच्छेद चौतीस: साक्ष पढवलेली वाटते,
कारण भाषा बदलते.

मी भाषा शोधत मागे गेले.

सकाळी ती म्हणते,
"मी दाराकडं गेलो. मी वरडलो. कुणी आलं न्हाई."
दुपारी ती म्हणते,
"मी दाराकडे गेले. मी ओरडले. कोणी आले नाही."

मध्ये जेवणाची सुट्टी आहे.
आणि पानाच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही,
टंकलेखकाची आद्याक्षरं: सकाळी बा. खो., दुपारी मृ. जो.
बा. खो. कानावर आलं ते उतरवत असावा.
मृ. जो. चांगल्या मनाची असावी.
तिने पोरीचं व्याकरण नीट करून दिलं,
बाहेर निघालेल्या बाईचा पदर कुणी सरळ करावा तसं.

मी कागलची. दहावीपर्यंत मीही गेलो, आलो, बसलो.
मग पुण्याच्या हॉस्टेलात कुणीतरी हसलं
आणि आठवड्यात मी गेले, आले, बसले.
मला कुणी पढवलं विचाराल
तर सगळ्यांनीच.

इंग्रजीत हे सोपं आहे.
तिथल्या प्रथमपुरुषात बाई की पुरुष कळतच नाही.
गेलोचं जे होतं तेच गेलेचं.
पान एकसष्ट आणि पान अडुसष्ट
माझ्या हातून जुळी होऊन निघतील,
आणि भाऊसिंगजी रोडवर, बेंचसमोर,
न्यायमूर्ती विचारतील, कुठे बदलली भाषा?
कदाचित त्यातच तिचं भलं आहे.
कदाचित नेर्लेकर वकील मूळ मराठी प्रत घेऊन उभे राहतील
आणि मग मीच खोटी.

हुपरीत चांदी तोलून देतात, तोलून घेतात.
किलोमागे किती घट चालेल हे आधी ठरतं,
जास्त गेली तर मजुरीतून कापतात.
हे तिनेच सांगितलंय, उलटतपासणीत,
"मालकाशी भांडण घटीवरूनच होतं ना?" या प्रश्नावर.
आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना:
"घट खोलीतच असते साहेब. झाडून काढली की मिळते.
आम्ही रोज संध्याकाळी केर झाडून ठेवतो."
इथे मृ. जो.ला फार काही करता आलं नसेल.
आम्ही म्हटलं की क्रियापद सगळ्यांचं सारखंच.
बचावपक्षाची हरकत. असंबद्ध.

भाषांतरकाराने मत देऊ नये असा नियम आहे.
तळटीप म्हणजे मत की केर, ते नियमात नाही.

पावणेबारा. बावड्याकडून कारखान्याचा भोंगा.
अडुसष्टच्या खाली मी एक चांदणी काढली,
तिच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.
तेवढ्यात आईचा फोन. जेवलीस का गं?
"जेवलो," म्हटलं.
जेवले नव्हते.
तिला ते नैसर्गिक वाटलं असणार.