सोळा पानं

कपाटात 'काजळबेट' एकवीस वेळा आहे.
अहो, गोष्ट तर एकच की, बायको म्हणते
आणि चादरींच्या घड्यांसाठी तो खण मागते.

एकच कशी?
पहिल्या आवृत्तीत घडीचा नकाशा आहे,
उलगडताना श्वास धरावा लागतो.
दुसरीत तोच उलटा छापलाय,
उत्तरेचा बर्फ दक्षिणेला,
आणि शुद्धिपत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.
चौथी कागदटंचाईतली,
पान उलटलं की कोपरा बोटात येतो.
सातवीच्या मुखपृष्ठावर राक्षसीण
कुठल्याशा नटीसारखी बघते.
कानडी अनुवाद वाचता येत नाही, तरी घेतला;
त्यात नावाड्याला मिशा आहेत.
आणि अकरावीत मंद्रूपकरांनी स्वतः
नावाडी 'हसला' हे खोडून
'हसल्यासारखा झाला' केलं.
तेवढ्यासाठी मी गुलबर्ग्याला जाऊन आलो,
एस्टीनं, मे महिन्यात.

बाविसावीबद्दल मात्र घरात कुणाला बोललो नव्हतो.

साखर पेठेतलं गिरणी कामगारांचं वाचनालय,
तिथली प्रत.
पाठ निघालेली, म्हणून वडिलांनी
मागावरची खळ आणून चिकटवलेली.
अक्का बिड्या वळायची, मी वाचायचो.
सुपातली पानं सरली की दिवस सरायचा,
हजाराच्या हिशेबात एक कमी पडली
तर कारखान्यात शंभर बाद व्हायच्या,
म्हणून ती मान वर न करता विचारायची,
तर्वात?
आमच्या तेलुगूत 'मग पुढं?'

एकशे शहात्तराव्या पानावर
'नावाड्यानं वल्हं उचललं आणि'
आणि पुठ्ठा.
शेवटचा फर्माच नव्हता.
कुणी नेला, कशात भजी बांधली, देव जाणे.

तर्वात?

मी सांगितलं नाही.
पुठ्ठ्याकडे बघत वाचत राहिलो,
तीन रात्री, मध्येच पान उलटल्यासारखं करत.

पुढं नोकरी लागली, पहिल्या पगारात पहिली आवृत्ती.
उभ्या उभ्या शेवट वाचला.
राजा जिंकतो. लग्न होतं.
अकरा पानांत सगळं आवरलेलं,
उरलेल्या पाचांत प्रकाशकाची यादी
आणि एका केशतेलाची जाहिरात.
कुणीतरी चुकीची चादर घडी घालून दिली
तसं वाटलं.
मग दुसरी घेतली. मग तिसरी.
कुठल्या तरी एकीत वेगळं असेल म्हणून.

परवा दस्तगीरच्या रद्दीत, शाळेच्या वह्यांखाली
गोल शिक्का दिसला. वाचनालयाचा.
खळ तशीच, जराशी झुरळांनी खाल्लेली.
फाटकंय बे, दुसरं घे की, तो म्हणाला,
आणि तरी वजन केलं. आठ रुपये.

अक्काच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू.
कात्री ठेवून बारा वर्षं झाली,
अंगठा अजून तर्जनीवर काहीतरी वळत असतो.
दुपार चव्वेचाळीसची, पंख्याला गरम वारा.
मी वाचत गेलो. ती काही बोलली नाही.
'नावाड्यानं वल्हं उचललं आणि'

थांबलो.

'आणि पाण्याला विचारलं,' अक्का म्हणाली,
'तुला परत जायचंय का?'

मला हे आठवत नव्हतं.

'पाणी म्हणालं, माझी रातपाळी आहे.
मग नावाडी किल्ल्यावर चढला
आणि भोंग्याच्या तोंडात
स्वतःचा पटका कोंबला.
त्या रात्री बेटावर कुणाला जाग आली नाही.
राजाला पण नाही. सूर्य आला,
दारं वाजवून वाजवून
पायरीवर बसला बिचारा.'

तिचा अंगठा थांबला होता.

एवढ्याशा पोराला हे सुचलं कसं,
की तिनंच इतक्या वर्षांत
एकेक ओळ आत सारली,
विचारायचं धाडस झालं नाही.
पुस्तक मांडीवर उघडंच.

'तर्वात?' मी म्हटलं.

तिनं तोंडातलं पान
या गालातून त्या गालात सारलं,
घाई केली नाही.