भूत आहो जी

संस्थाचालकांच्या मुलानं तिकडून व्हिडिओ पाठवला
आणि आमच्या कॉन्व्हेंटात
(जिथे एकही नन कधी आली नाही,
खिडकीतून फक्त धानाच्या बांध्या दिसतात)
हॅलोवीन आला.

सूचनावहीत मी सही केली.
कशाला हे, असं मनात म्हणत केली.
अर्ध्या वर्गाला अजून
'वाय' हे अक्षर आणि 'व्हाय' हा प्रश्न
वेगळे करता येत नाहीत.

फळ्यावर भोपळा काढला
तर शेवटच्या बाकावरून आवाज,
"मॅडम, हा मले गणितात भेटला होता."
सगळे हसले. मीही.

खरा भोपळा चोपरामभाऊंच्या सांदवाडीतला.
मी सुरी उचलली तसे ते आडवे आले.
"कोहरा बाईमानसानं पयले कापू नये, मॅडमजी.
घरच्या मोठ्या पोरावानी असते तो."
मी पाचवीला विज्ञान शिकवते.
अंधश्रद्धेवरचे निबंध तपासते, दहापैकी गुण देते.
तरी सुरी त्यांच्या हातात दिली.
पहिला काप त्यांचा.
डोळे माझे, दात माझे,
समोरचे दोन मुद्दाम गाळलेले,
व्हिडिओत तसेच होते म्हणून.

संध्याकाळी रांग निघाली.
पावडर फासलेले सांगाडे, गमछ्याची झोळी केलेले राक्षस,
आणि कार्डपेपरची टोकदार टोपी घालून
रिधिमा पटले, चेटकीण.
"मॅडम, माझा फोटो."
मोबाइल वर धरला आणि बोट थांबलं.

या गावात तो शब्द वेशभूषा नाही.
अकरा वर्षांपूर्वी कुणाचं तरी तान्हं गेलं
आणि लोकांनी सुगरताबाईच्या अंगणात जाऊन
तिचे दात पाडले. समोरचे दोन.
मी तेव्हा नवीन होते गावात.
कडी लावून आत बसले होते,
वह्या तपासत.

फोटो काढला. हलला.

पोरं घरोघरी ओरडत होती, "ट्रिकाट्रीट!"
बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या,
चिवडा, बत्तासे, एकीनं तर वांगी दिली.
मला नवं काही वाटेना.
आम्हीही तान्ह्या पोळ्याला असंच फिरायचो,
लाकडी नंदी ओढत, बोजारा मागत,
कुणाचा नंदी मोठा यावर भांडत.
इथेही पोरं फिरतात.
बोडीच्या पाळीवरच्या शेवटच्या घराआधी
नंदी मुकाट्यानं वळवतात.
आजही रांग तिथून वळली.

फक्त तेजू लिल्हारे वळला नाही.
बापाची चादर पांघरून तो भूत झाला होता,
डोळ्यांची भोकं घसरून कानांवर गेलेली,
हात पुढे करून चालत राहिला
सरळ,
आणि त्या दारावर थाप मारली.

मी धावले. म्हणजे, दोन पावलं.
दार उघडलं.
"कोन आहेस रे बापू?"
"भूत आहो जी."
ती बघत राहिली जरा वेळ.
"मंग बस. शिंगाडे उकडून रायले."

तो बसला. चादरीखालून एक हात बाहेर आला.
ती सोलून देत होती,
गरम गरम, फुंकर मारत,
आणि फुंकर दातांच्या फटीतून
शिट्टीसारखी निसटत होती.
पोरं रस्त्यावर गप्प.
रिधिमानं टोपी काढून पाठीमागे धरली.

दुसऱ्या दिवशी तेजूची आई शाळेत.
मी काय काय ऐकून घेतलं ते जाऊ द्या.
उरलेले शिंगाडे तिनं बोडीत फेकले म्हणे.
दाराबाहेरून तेजू ओरडला,
"चार तं मी तिथंच खाल्ले!"

अहवालात मी लिहिलं:
विद्यार्थ्यांनी परदेशी सणाचा आनंद घेतला.
पुढल्या वर्षी नको, असंही लिहिलं. मग खोडलं.
भोपळा पायरीवर तीन दिवसांत खचला,
तोंड आत गेलं,
चोपरामभाऊंनी तो गाईला टाकला.

शनिवारी शाळा सुटल्यावर
मी पाळीवरून त्या घरापर्यंत गेले.
आत चूल पेटलेली होती, धूर दिसत होता.
थाप मारायला हात उचलला.
माझ्या अंगावर चादर नव्हती.