पाव अंश खाली

माझा तारकागुच्छ नागपुरातून दिसत नाही.
डिसेंबरात, मध्यरात्री, तो दक्षिणेला
पाण्याच्या टाक्या, बुटीबोरीकडचे दिवे, धुकं
या सगळ्याच्या पाव अंश खाली येतो
आणि तिथूनच परत फिरतो.
पाव अंश म्हणजे चंद्राचा अर्धा.
तेवढ्यासाठी मी गच्चीवर.

बावा मफलर गुंडाळत वर आले.
हिंगण्याला चौतीस वर्षं लेथवर होते; अजूनही
काही फिरताना दिसलं की मान तिरपी करून ऐकतात.
"कितीक वर्साचा?"
वीस लाख.
"लहानच हाय मंग."

मी म्हटलं, हजारो तारे आहेत,
सुटीचा भोंगा झाल्यावरचं फाटक, तसे,
ज्याला जिकडे जायचं तिकडे.
पण एकेकाचा वेग मोजून मांडला
तर डावी बाजू किंचित आपल्याकडे येते,
उजवी किंचित लांब जाते.
सेकंदाला तीन किलोमीटर. गोंधळाच्या निम्मं.

"म्हंजे जॉब डुगडुगते, पन फिरते.
कोनं फिरवलं?"

कुणी नाही. लहान गुच्छ एकमेकांवर पडले असतील,
समोरासमोर नाही, जरा बाजूने.
ते बाजूने पडणं अजून जिरलेलं नाही.

मग जडांचं सांगितलं, ते मध्याकडे बुडतात.
तिथे जोड्या जमतात. तिसरा जवळ आला
की जोडी आणखी घट्ट होते
आणि तिसरा गुच्छाबाहेर फेकला जातो,
असा, की पुन्हा येत नाही.
"त्यानं काय केलं होतं पन?"
काही नाही. जवळून गेला.

बावा बराच वेळ गप्प.
"निनावे," म्हणाले. एवढंच.
निनावे सुरतेला गेले तेव्हा मी चौथीत होते.
त्यांच्या सायकलची घंटा मला आठवते, चेहरा नाही.

आणि आस नेमका आपल्याकडे रोखलेला असला,
मी म्हटलं, तर येणं-जाणं कळतच नाही.
आलेख सपाट. आम्ही लिहितो: फिरण्याचा पुरावा नाही.
"लबाड लिह्यता तुमी."
पुरावा नाही, बावा. फिरत नाही, असं नाही लिहीत.

त्यांनी कठड्यावर तळवा ठेवला,
बेअरिंग तपासायला ठेवायचे तसा,
डोळे मिटून, दक्षिणेकडे तोंड करून.
"चालू हाय," म्हणाले.

खाली ठवकरांनी पाण्याची मोटर लावली होती.
मी काही बोलले नाही.