खारीचा वाटा

फेलिक्सस्टोच्या धक्क्यावर मंगळवारी उतरला कंटेनर,
आत चारशे वीस खोकी जिरा-खारी.
मालक हातिम रंगवाला, लेस्टर.
फोनवर म्हणतो, मॅडम, खारी म्हणजे खारी,
त्यात विचारायचं काय?

विचारायचं असतं, रंगवालाशेठ.
तळली की भाजली?
लोणी की डालडा, साखर किती,
ओलावा शेकडा किती,
दाबली तर मोडते की चुरते?
दहा आकडी नाव मिळेपर्यंत
ती ना ब्रेड, ना पेस्ट्री, ना बिस्किट,
नुसतं वजन.
तीन हजार तीनशे साठ किलो.

नमुन्याचा पुडा फोडला,
पट्टी लावून पदर मोजायला घेतले.
तेविसाव्या पदराशी ती हातातच विरली,
अर्धी कीबोर्डात गेली.
ग्लेनिस म्हणाली, थांब, चहा टाकते.
तीस वर्षं झाली तिला या खिडकीपाशी;
क्रेनकडे न बघता सांगते
आज वारा किती.

प्रकरण एकोणीस, शीर्षक पाच.
या एकाच खणात ब्रेड आहे, केक आहे,
औषध भरायच्या रिकाम्या पुड्या आहेत,
आणि दर रविवारी पाद्री
ग्लेनिसच्या जिभेवर ठेवतो
ती पांढरी चकतीसुद्धा.
"म्हणजे तुझी खारी त्याच्या शेजारी?" ती हसली.
मग जरा वेळानं, न हसता,
"बरं आहे. सोबत होईल."

नियम चौथा मला झोपेतही पाठ आहे:
जो माल कुठेच बसत नाही
त्याचं ज्याच्याशी सगळ्यांत जवळचं नातं
त्याच्या घरात तो बसवावा.
म्हणजे आमच्याकडचं
तुम्ही कोणांपैकी?
गाव सांगून झालं, आडनाव सांगून झालं,
तरी समाधान न होता
पुढे पुढे सरकणारा प्रश्न.
त्याचं उत्तर ऐकून
मनीऑर्डरचे पैसे मोजून घेतल्यावर
एका बाईनं बापूंच्या ओंजळीत
पाणी ओतलं होतं, हातभर उंचीवरून.
पोस्टाची नवी टोपी होती डोक्यावर.
बापू हे सांगताना कधी चिडले नाहीत.
पाणी गार होतं, एवढंच म्हणायचे.

सोळा वर्षं मी तोच प्रश्न विचारते, पगार घेऊन.
मैद्याला, साबुदाण्याला,
फुगवलेल्या मक्याच्या नळ्यांना.
त्यांना तहान लागत नाही.
आणि निकाल पटला नाही
तर तीस दिवसांत दाद मागता येते.
हे एकदा बापूंना फोनवर सांगितलं.
ते म्हणाले, अगं वा.
खारीला?

पावणेपाचला वर्णनाच्या रकान्यात लिहिलं:
गव्हाचा मैदा, वनस्पती तूप, मीठ, जिरे.
पदर अनेक. भट्टीत भाजलेली, तळलेली नाही.
ओलावा शेकडा चार.

लिहिलं नाही
की इंदोऱ्यातल्या बेकरीत काटा स्थिर झाल्यावरही
वर दोन पडायच्या, पोरीसाठी म्हणून.
की चहात किती वेळ बुडवायची
याचा हिशेब घरागणिक वेगळा,
आणि चुकला तर कपाच्या तळाशी
जे उरतं ते चमच्यानं खायचं, टाकायचं नाही.
तेवढा रकाना नसतो.

बिस्किट ठरली अखेर.
बिस्किटांतही 'इतर'.
रंगवाला म्हणाला, ते राहू द्या,
सरकारचा वाटा किती ते सांगा.
सांगितला. त्यानं दोनदा विचारला,
दोनदा सांगितला.

शुक्रवारी माल सुटला, लेस्टरला गेला.
माझ्या कीबोर्डात मात्र
नऊच्या खाली एक पदर अडकून आहे.
एकोणीस शून्य पाच लिहायला गेले
की कुरकुर करतो.
ग्लेनिस म्हणते, उलटा करून झटक ना.
झटकेन कधीतरी.